बिनकल्हईची घागर

"बिभीषणा, त्या डायवरला हळू घे म्हन की. घागर हिंदकळतीया."

"आई, रस्त्यालाच खड्डे हायती, त्यो तरी काय करंल? आण हिकडं, मी धरतो."

"नगं. तू आपली भाकरीची पाटी सांभाळ. भाकरी मोडली तर चालती. आंबील सांडून चालत न्हाय."

टेम्पोच्या हौद्यात म्हाळसाबाई पितळेची लहान घागर दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरून बसली होती. घागरीच्या तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं. आजूबाजूला डबे, पातेली, पाट्या. त्यांत बाजरीचे वाफवलेले उंडे, तुरीचे सोले आणि हिरवा हरभरा घालून केलेली भज्जी, खपली गव्हाची खीर, शेंगाच्या पोळ्या, शेंगाचटणी आणि कडकडीत वाळवलेल्या भाकरी. वेळ अमावस्येचा स्वयंपाक घरी करायचा, रानात नेऊन जेवायचा, आणि ज्याला रान नाही त्याला आवर्जून बोलवायचं. यंदा बिभीषणनं आपल्या खताच्या डेपोतली सगळी माणसं बोलावली होती, साहेबांसकट. साहेब म्हणजे उदयसिंह; कोल्हापूरकडून नुकतेच सोलापूरला बदलून आलेले. त्यांनी हा सण कधी पाहिलेला नव्हता.

समोर सून, दिपाली, पदराचं टोक तोंडाशी धरून बसली होती. तिला पाचवा महिना होता. आधी एकदा तिसऱ्यातच सगळं संपलेलं, त्यामुळे या वेळी घरात कुणी बाळाचं नावसुद्धा मोठ्यानं काढत नव्हतं.

"मळमळतंय का गं?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"न्हाय आत्या. टेम्पोच्या धुराचा वास येतोय जरा."

म्हाळसाबाईनं मान हलवली, पण तिचं ध्यान बोटांकडं होतं. बोटं फडक्याच्या गाठीवरून फिरत होती. काल तिनं सरगाठ मारली होती, एक टोक ओढलं की सुटणारी. ही निरगाठ होती. आपणच मारली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. हल्ली ती स्वतःला अशा बऱ्याच गोष्टी सांगायची.

तिच्या डोळ्यांवर साय धरायला लागून दोनेक वर्षं झाली होती. आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे गेले, आणि मग लांबून येणाऱ्या माणसांचे चेहरे. सगळं जग ताकात बुडवून काढल्यासारखं पांढुरकं झालं. कुणाला तिनं कळू दिलं नव्हतं. घर तिला हातापायांनी पाठ होतं. मीठ डावीकडं, साखर उजवीकडं. मोहरी तडतडली की कानांना कळायचं, भाकरी पलटायची वेळ नाकाला. रस्त्यात कुणी पुढ्यात उभं राहिलं की आवाज ओळखू येईपर्यंत ती डोक्यावरचा पदर सारखा करत राहायची.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता अवघड राहिलेलं नाही, हे तिला माहीत होतं. शेजारणी सकाळी जाऊन दुपारी घरी आल्या होत्या. पण माढ्याला दिलेल्या तिच्या थोरल्या बहिणीनं, फुलाबाईनं, ऑपरेशननंतर कुणाचं न ऐकता चुलीपुढं बसून धूर घेतला होता. डोळा चिघळला आणि गेला. म्हाळसाबाईला भीती होती ती त्या डोळ्याची नव्हे. त्यानंतर सुनेनं फुलाबाईला कोपऱ्यात बसवलं आणि तिच्या पुढ्यात निवडायला डाळ भरलेलं सूप ठेवलं. फुलाबाई दिवसभर डाळ निवडायची. संध्याकाळी सून तीच डाळ गुपचूप पुन्हा निवडायची. म्हाळसाबाईनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, डोळे चांगले होते तेव्हा.

आंबील नेहमी मातीच्या डेऱ्यात आंबायची. ज्वारीचं पीठ पाण्यात पातळ शिजवायचं, निवू द्यायचं, त्यात ताक घालायचं आणि तोंड बांधून ठेवून द्यायचं. आंबली की नाही हे म्हाळसाबाई डेऱ्याला कान लावून ओळखायची. आत बारीक चिरचिर सुरू झाली की समजायचं, जमलं. काल संध्याकाळी अशी चिरचिर ऐकूनच तिनं डेरा उचलला, आणि ओट्याची कड तिला जिथं वाटली तिथं नव्हती. टक् असा आवाज झाला. पायावर गार ओघळ आला.

बिभीषण आणि दिपाली बाजारात गेले होते. धावपळीत तिनं माळ्यावरून हाताला लागली ती माहेरची घागर काढली, चिंचेनं घासली, ट्यूबलाइटखाली धरली. आत पांढरं दिसलं. पांढरं म्हणजे कल्हई. तिला हल्ली सगळंच पांढरं दिसत होतं, हे त्या घाईत तिच्या ध्यानातच आलं नाही. फुटक्या डेऱ्यातली आंबील तिनं घागरीत ओतली. लसूण, जिरं, हिरवी मिरची आणि मूठभर कोथिंबीर वाटून घातली, आणि खापऱ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकल्या. चव घेतली नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी या घरात कुणी बोटसुद्धा चाटत नसे.

"डेरा जड हुतो गं," ती रात्री दिपालीला म्हणाली. "यंदा घागरीतनंच नेऊ."

कुंभारीच्या अलीकडं टेम्पो गाडीवाटेला लागला. रानात ज्वारी कमरेच्या वर आलेली. मधे कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड. ते पांडव. शेजारच्या बांधावरचा रेवणसिद्ध खोपीच्या तोंडाशी सतरंज्या अंथरत होता. त्याचं घर कानडी बोलणारं. मराठी तो बोलायचा, पण तीही कानडीच्या चालीवर.

"ये यव्वा, ये. आन् ही काय, पितळंची घागर? लई दिसानं बघितली." त्यानं पुढं होऊन घागर खाली उतरवून घेतली. "कल्हई कुटं केलीस गं?"

"आं?"

"कल्हई, कल्हई. आमाला तर कल्हईवाला गावतच न्हाय. त्यो पेठेतला म्हातारा गेला तवाधरनं घरातलं समदं पितळ माळ्यावर टाकलं बग. बिनकल्हईत आंबट ठेवायचं न्हाय, यव्वा. कळकतंय. इख हुतंय इख."

"केली की," म्हाळसाबाई म्हणाली. "मागंच केली."

मागं म्हणजे कधी? तिनं आठवून पाहिलं. कल्हई तिच्या नवऱ्यानं, महिपतीनं, करून आणली होती. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्यानं आत फिरवलेलं चकचकीत कथील. बिभीषण तेव्हा शाळेत होता. महिपती तर बिभीषणच्या लग्नाच्याही आधी गेला होता. त्यानंतर ती घागर चिंचेनं, राखेनं किती वेळा घासली गेली होती. कथील काय, मुलामाच तो. किती दिवस टिकणार?

लहानपणी बार्शीला एका लग्नात कळकलेली कढी वाढली गेली होती. मांडवामागं माणसं भिंतीला धरून ओकत होती. ते आवाज तिला अजून आठवत होते. त्यात एक पोटुशी बाई होती. तिचं पुढं काय झालं, ते मुलींच्या कानावर कुणी पडू दिलं नव्हतं.

"आत्या, पूजेचं ताट कुटं ठेवलं?" दिपालीनं विचारलं.

"हितंच आसंल बघ."

ताट तिच्या पायापाशीच होतं.

डेपोची माणसं बायकांना घेऊन मोटारसायकलींवरून आली, साहेब आपल्या गाडीतून. खोपीपुढं गलका झाला. कुणी हरभऱ्याचे डहाळे उपटून सोलायला बसलं.

"मावशी," उदयसिंह वाकून म्हणाले, "बिभीषणराव आठवडाभर फक्त तुमच्या आंबिलीबद्दलच बोलतायत. डेपोत खत कमी आणि आंबील जास्त झालीय."

"सायब, दोन पेले पिल्यावर गाडी चालवू नका," कुणीतरी मागून म्हणालं. "रस्ता दिसंल, पर दोन-दोन दिसतील."

सगळे हसले. म्हाळसाबाईही हसली. तिनं घागर आपल्याकडं ओढून घेतली.

पूजा झाली, नैवेद्य दाखवून झाला. आता राहिली फेरी. घरातल्या मोठ्या बाईनं घागर कडेवर घेऊन रानाच्या चारी बांधांनी फिरायचं, आणि मुलानं ज्वारीच्या ताटानं त्यातली आंबील पिकावर शिंपडायची. रानाचं पोट भरलं की मग माणसांची पंगत. म्हणजे तिच्या हाती या फेरीपुरताच वेळ होता.

"ओलगे, ओलगे!" पुढून बिभीषणनं फेरीचा पुकारा केला. मागून माणसांनी "हर हर महादेव" म्हणत आवाज उठवला. म्हाळसाबाई बांधावरून पाय चाचपत निघाली. डावीकडं ज्वारीची पानं दंडाला घासत होती, तेवढ्या आधारानं ती सरळ चालत होती. बिभीषण वळायचा, ज्वारीचं ताट बुडवायचा, शिंपडायचा. थेंब उडायचे. कडेवर घागर जरा जरा हलकी होत होती.

सांगावं का? काय सांगायचं? साहेबांपुढं, सगळ्या डेपोपुढं, की मला भांड्याच्या आतलं दिसलं नाही म्हणून? आणि कल्हई असली तर? नसती शंका काढून सणाचा विचका केल्यासारखं होईल. आणि मग उद्यापासून कोपरा, सूप आणि डाळ.

दुसऱ्या कोपऱ्यावर तिनं फडक्याखालून हात आत घातला. घागरीच्या गळ्याशी बोट फिरवलं. तिथं गुळगुळीत लागलं, लोण्याचा हात फिरवल्यासारखं. तिला क्षणभर हायसं वाटलं. आंबील खाली गेली होती, म्हणून तिनं हात आणखी आत घातला. पोटापाशी बोट अडकलं. तिथं धातू खरखरीत होता, उघडा होता, बोटाला धरत होता. ती बोटं फिरवत गेली. खाली सगळीकडं तसंच.

हात बाहेर काढून तिनं बोट चाटलं. आंबट होतंच, पण आंबटाच्या मागून जिभेच्या कडांना तुरट, कडवट चव आली. देवळातल्या घंटेला हात लावून तो तोंडात घातल्यासारखी.

आता शंका राहिली नव्हती. भीती मात्र तेवढीच राहिली, आणि तिच्यात आता घाईही आली.

तिसऱ्या कोपऱ्याला पाटाची चारी होती. म्हाळसाबाईला ती दिसत नव्हती, पण कुठं आहे ते पायांना माहीत होतं. ती चारीपाशी आली, पाय वाकडा टाकला आणि कडेवरचा हात सैल सोडला.

घागर ठणठणत चारीत गेली. आंबील ढेकळांत जिरायला लागली.

"आई!" बिभीषण पळत आला. "लागलं का? आगं, किती डाव म्हनलो मी धरतो, मी धरतो..."

"निसटली रं हातातनं. पाय घसरला."

"समदी गेली की! सायबांस्नी आता काय पाजू, चारीतला चिखुल?"

सणाच्या दिवशी घागर सांडणं चांगलं नव्हे, हे न बोलता सगळ्यांच्या मनात आलं. मग रेवणसिद्धच म्हणाला, "आरं, भूमाईला तहान लागली आसंल. एका दमात प्याली. चांगलंच की!"

"शेतच आमच्याआधी जेवलं म्हणायचं," साहेब हसले.

गलका पुन्हा सुरू झाला. म्हाळसाबाई बांधावर बसून राहिली. सुटलो. कुणाला काही झालं नाही, कुणाला काही कळलं नाही. नुसती म्हातारीच्या हातून घागर सांडली, एवढंच.

पंगत बसली. म्हाळसाबाई खोपीच्या मेढीला टेकून भाकरी मोडून देत होती. तेवढ्यात दिपालीचा आवाज आला, बारीक, दबलेला.

"आवो, ऐका की. थोडी आंबील हाय. बाटलीत."

"कसली बाटली?" बिभीषणनं विचारलं.

"मी सकाळी काढून ठिवली हुती. सायबांस्नी चाखायपुरती हुईल."

म्हाळसाबाईच्या हातातली भाकरी मोडायची थांबली.

पिशवीची चेन वाजली. बाटलीचं झाकण फिरलं. पेल्यात धार पडल्याचा आवाज आला.

"वा!" साहेब म्हणाले. "हा हिरवट रंग कोथिंबिरीचा का?"

"व्हय सायब, कोथमिरीचाच."

आवाज कुठून आला ते म्हाळसाबाईनं कानांनी धरलं आणि त्या दिशेनं अंग झोकून दिलं. तिचा हात आधी कुणाच्या तरी खांद्याला लागला, मग ताटाला, आणि मग पेल्याला. पेला सतरंजीवर पडला. भज्जीचं पातेलं कलंडलं.

"आई! खुळी झालीस का?" बिभीषण ओरडला.

"पिऊ नगा! कुनी पिऊ नगा ती. बाटली कुटं हाय? द्या हिकडं."

दिपाली रडायला लागली.

"माजंच चुकलं, आत्या. लई आंबट प्यावंसं वाटत हुतं. रातभर डोळ्याम्होरं तीच येत हुती. म्हनून सकाळी फडकं सोडून घेतली. नैवेद्याच्या आधी उष्टी केली, म्हनून घागर सांडली. म्हनूनच सकाळधरनं माज्या पोटात ढवळतंय. देव कोपला, आत्या."

"तू पिलीस?" म्हाळसाबाईला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "किती पिलीस?"

"एक पेला घरी. आन् आत्ता, तुमी फेरीला गेला तवा, थोडी."

"उलटी झाली?"

"मगाशी खोपीमागं झाली."

कुणी बाई म्हणाली, "पोटुशीला व्हायचंच, त्यात काय एवढं." दुसरी म्हणाली, "देवाला नारळ फोडा, उतरंल." म्हाळसाबाईनं ते ऐकलं. दार उघडं होतं. देवावर ढकलायचं, नारळ फोडायचा आणि गप्प बसायचं. दिपालीनं तर सगळा दोष आपणहून पदरात घेतला होता.

तिनं हात पुढं केला. सुनेचं मनगट सापडेपर्यंत तो हवेतच फिरला.

"देव न्हाय, पोरी," ती म्हणाली. "भांडं. घागरीला कल्हई न्हवती. कळकलीया ती. मला फेरीत कळलं, म्हनून मी मुद्दाम सांडली. बिभीषणा, हिला दवाखान्यात न्ये. आत्ताच्या आत्ता न्ये."

साहेबच उठले. "माझी गाडी आहे. चला. ती बाटली बरोबर घ्या, डॉक्टरांना दाखवायला लागेल."

गाडीत दिपालीला आणखी एक उलटी झाली. म्हाळसाबाई तिची पाठ चोळत राहिली. खिडकीबाहेरून अक्कलकोट रस्त्याची पांढुरकी झाडं मागं जात होती, आणि तिच्या मनात बार्शीच्या मांडवामागचे आवाज. महिपतीचं नाव घेऊन तिनं काहीतरी मागितलं. नक्की काय ते तिचं तिलाही उमगलं नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बाटली उजेडाकडं धरून हलवली, झाकण काढून वास घेतला.

"कोणत्या भांड्यात होतं हे?"

"पितळंच्या घागरीत," बिभीषण म्हणाला.

"किती वेळ?"

"रातभर," म्हाळसाबाई म्हणाली. "कालच्या दिवेलागणीपासनं."

"आत कल्हई गेलेली दिसली नाही का तुम्हाला?"

प्रश्न साधा होता. डॉक्टरीण कागदावर लिहितच विचारत होती. म्हाळसाबाईचा हात सवयीनं डोक्यावरच्या पदराकडं गेला, आणि अर्ध्यातच खाली आला.

"न्हाय दिसली. मला दिसतच न्हाय, बाई. दोन वरसं झाली."

शेजारी उभ्या असलेल्या बिभीषणनं एकदम तिच्याकडं तोंड वळवल्याचं तिला जाणवलं. "आई?" तो म्हणाला.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टरीण म्हणाली. "आंबट पदार्थात तांबं उतरतं. उलटीनं बरंचसं बाहेर पडलेलं दिसतंय. सलाईन लावू, रक्त तपासू. आजची रात्र इथंच राहू द्या."

"आन् बाळ?"

"बघते."

दिपालीला आतल्या खोलीत नेलं. बिभीषण बरोबर गेला. म्हाळसाबाई बाहेर बाकावर एकटीच बसली. कुणीतरी फरशी पुसत होतं. फिनेलचा वास येत होता. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग पोटावर फिरवायच्या मशीनची खरखर. खरखर थांबायची, पुन्हा सुरू व्हायची, जागा बदलायची. म्हाळसाबाईनं डोळे मिटून घेतले. त्यांचा तसाही उपयोग नव्हता. तिनं डेऱ्याला लावायची तसा कान दाराच्या दिशेनं लावला.

खरखर. शांतता. खरखर.

आणि मग त्या खरखरीतून वर येत, लहान, भरधाव, एकसारखी टपटप.

"आत्या!" आतून दिपालीनं हाक मारली. "आत्या, या की आत. ऐका की!"

म्हाळसाबाई उठली. पुढ्यात सगळं पांढरं होतं, दार कुठं आणि भिंत कुठं ते कळत नव्हतं. बाकावर माणसं बसलेली होती, समोरून कुणीतरी येत होतं. तिनं पदर सारखा केला नाही. कुणाचा आवाज येण्याची वाट पाहिली नाही. सगळ्यांदेखत तिनं हात पुढं केला, भिंत सापडेपर्यंत चाचपडला, आणि तिच्यावरून तळवा सरकवत त्या टपटपीच्या दिशेनं चालू लागली.